नेम नंतर, आधी पाय

प्रिय भाचीबाईंस,

क्लिप पाहिली. ‘टायटनफॉल 2’ या बंदूकबाजीच्या गेममध्ये सारखी मरतेय, नेम कसा सुधारू, असं विचारलंयस. नेम तुझा ठीक आहे गं. तू मरतेस ती थांबतेस म्हणून. समोर कुणी दिसला की तुझे पाय जागच्या जागी खिळतात, तू एल-टू दाबून निवांत नेम धरतेस, आणि तेवढ्यात तिसराच कुणीतरी बाजूने येऊन तुला टिपतो.

आणि तो तिसरा साधासुधा नसतो. हा गेम 28 ऑक्टोबर 2016 ला आला. आदल्याच आठवड्यात ‘बॅटलफील्ड 1’ आलेला, पुढच्या आठवड्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा नवा भाग. दोघांच्या मध्ये याची पार चटणी झाली. जे आजही टिकून खेळतायत ते मुरलेले गडी आहेत. त्यामुळे सुरुवातीला मार खाशीलच, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता कंट्रोलर हातात घे. उडीचं बटण एक्स आहे ना? म्हणजे उडी मारायला उजवा अंगठा स्टिकवरून उचलावा लागतो, आणि स्टिक सुटली की नजर फिरत नाही. हवेत असतेस तेवढा वेळ तू आंधळी. ज्या गेममध्ये निम्मा वेळ माणूस हवेतच असतो, तिथे हे कसं परवडेल? सेटिंग्जमध्ये बटणांची मांडणी ‘बंपर जंपर’ कर. उडी एल-वनवर येते, अंगठा स्टिकवरच राहतो. आठवडाभर बोटं चुकतील, उडी मारायच्या ऐवजी भलतंच काहीतरी होईल. तरी परत जुन्यावर जाऊ नकोस.

मग वेग. पाय जमिनीला टेकून तू नुसती धावायला लागलीस की आधीचा वेग घर्षणात जातो. म्हणून उतरतानाच घसर, आणि घसरण मंदावायच्या आत पुन्हा उडी घे. भिंतीवर धावताना वेग वाढत जातो. तो वाढला की भिंत सोड आणि समोरची पकड. चिकटून राहिलीस तर सरळ रेषेत धावणारी म्हातारीसुद्धा टिपता येते! कॅम्पेनच्या, म्हणजे एकट्याने खेळायच्या कथेच्या, सुरुवातीला ‘गॉन्टलेट’ आहे, घड्याळ लावून पळायची जागा. तिथे धावणाऱ्या सावल्या दिसतात, त्यांच्या मागे लाग. तुझ्या वयाची पोरं हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडतात आणि मग ऑनलाइन रडतात.

बंदूक ‘कार’ घे. कमरेवरून झाडली तरी तिच्या गोळ्या फारशा पसरत नाहीत, त्यामुळे पळता पळता मारता येतं. स्नायपर घेऊन गच्चीवर बसायचा मोह होईल. बसू नकोस. अॅट्रिशन या गुण जमवायच्या सामन्यात संगणकाने चालवलेले साधे शिपाई मारले तरी एकेक गुण मिळतो, पायलटचे, म्हणजे तुझ्यासारख्या खेळाडूंचे, पाच. पहिले काही दिवस शिपायांवरच पोट भर, तुझा टायटन, म्हणजे आत बसून लढायचा महाकाय यंत्रमानव, तोही लवकर येतो.

टीव्ही गेम मोडवर आहे का, बघ. नसेल तर टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो आणि तुझं बटण उशिरा लागल्यासारखं वाटतं. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर किती रुंद दिसतं ते, 110 पर्यंत जातो, पण तुमचा सोफा टीव्हीपासून लांब, माणसं मुंगीएवढी दिसतील. मी 100 वर ठेवतो. वायफायपेक्षा लॅनची वायर बरी. हॉलमधून वायर गेली की ताई ओरडेल, तिला मी समजावतो.

व्हॉइस चॅटचं मात्र नीट ऐक. मुलीचा आवाज आला की काहींची जीभ सुटते. वाद घालू नकोस, उत्तर तर अजिबात देऊ नकोस. म्यूट कर, रिपोर्ट कर, खेळत राहा.

‘एपेक्स’ या दुसऱ्या गेमकडे जायचं म्हणतेस ते पुढे बघू. तोही रेस्पॉनचाच, म्हणजे ‘टायटनफॉल’ बनवणाऱ्यांचाच, 2019 चा, जगही तेच, पण त्यात भिंतीवरून धावणं नाही. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

पुढची क्लिप पाठवशील तेव्हा किल नकोत. प्रत्येक वेळी मरण्याआधीचे दहा सेकंद तेवढे पाठव, आणि त्या मॅचमध्ये एल-टूला हात लावू नकोस.

तुझा,
मामा