२०१७ची डिझेल ब्रेझा: खडखड ऐकून नाही म्हणू नका, पण क्लच आणि ऑइल बघितल्याशिवाय हो म्हणू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ची डिझेल ब्रेझा, मीटरवर ९४ हजार, एमपी-०९ म्हणजे इंदूर पासिंग, दुसरा मालक, मागतायत ५ लाख ४० हजार. टेस्ट ड्राइव्हला पुढच्या चाकांतून खडखड आली म्हणून घरचे नको म्हणतायत, आणि तुम्हाला विचारायचंय की अशा गाडीत कोणती कामं निघतात आणि खिशाला किती पडतात.

मी इंदूरला छोटी ग्वालटोलीत स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो. पाना हातात धरत नाही, पण मिस्त्री जुना पार्ट चिंधीत गुंडाळून आणतात आणि ‘ऐसाच दे दो’ म्हणतात, त्यामुळे कुठल्या गाडीचं काय कधी जातं ते आपोआप कळत जातं. खाली लिहिलेले भाव इंदूरमधल्या साध्या, कंपनीच्या नसलेल्या गॅरेजचे, अंदाजे, आणि बऱ्या कंपनीचा पार्ट धरून आहेत. अधिकृत वर्कशॉपला हीच कामं सव्वापट ते दीडपट धरा.

ह्या गाडीत जे वाजतं ते बहुतेक स्वस्तात सुटतं. जे गप्प बसतं ते महाग पडतं. तुमच्या घरचे खडखडीला घाबरलेत, आणि विकणाऱ्यालाही तेच हवं असणार. त्यावर तो दहा हजार कमी करेल, तुम्ही खूश व्हाल, आणि क्लचकडे कुणी बघणार नाही.

खडखडीचं आधी संपवू. खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून हळू जाताना पुढून टक-टक येते ती नव्वद टक्के वेळा लिंक रॉडची, म्हणजे सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांडीची. एक लिंक रॉड ७०० ते १२०० रुपये, दोन्ही बाजू एकदम बदलायच्या, लेबर चार-पाचशे. आवाज जरा जड, धप्प असा असेल तर लोअर आर्मचे, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश गेलेत. आर्म बुशसकट पूर्ण मिळतो, दोन ते तीन हजारांना एक. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर आली तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग. फुल स्टिअरिंग कापून वळताना कटकटकट असा आवाज आला तर मात्र ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट, तीन-चार हजार. त्याचं रबर बूट फाटून ग्रीस उडालेलं चाकाच्या आतल्या बाजूला दिसतं, वाकून बघा. शॉकअप गळत असतील तरच ते बदलायचे, जोडी सात-आठ हजार.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले, हातात गॅरेजवाल्यानं लिहून दिलेली चिठ्ठी: दोन शॉकअप, दोन माउंटिंग, दोन आर्म. मी म्हटलं, काका, शॉकअपवर तेल दिसलं का? नाही म्हणाले. मग गाडी दुकानासमोरच होती ती आमच्या पोरानं नुसती हातानं दाबून बघितली, आणि बोटानं लिंक रॉड हलवला तर तो हाडासारखा खडखड हलला. दोन लिंक रॉड घेऊन गेले. सांगायचं कारण, खडखडीच्या नावावर पूर्ण सस्पेन्शन खपवणारे गॅरेजवाले आहेत, तेव्हा यादी आली की प्रत्येक पार्टसमोर ‘हा खराब झाल्याचं मला दाखवा’ म्हणायचं. शॉकअप आणि ॲक्सल ठीक असतील तर व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग धरूनही पुढच्या खडखडीचं सगळं काम दहा-बारा हजारांच्या वर जाऊ नये.

आता क्लच. ह्या इंजिनाची खोड अशी की १२४८ सीसीमधून ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर मिळतात खरे, पण टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नीट जागा होतो तो १८०० आरपीएमच्या आसपास. त्याखाली गाडी सुस्त. जवाहर मार्गावर किंवा राजवाड्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना ती झटके देते, आणि मग माणूस पाय अर्धा क्लचवर ठेवून चालवायला लागतो. सवय लागली की लाल सिग्नललाही तसाच. अशा हातात प्लेट ६० हजारांत संपते, आणि हायवेवर चालवणाऱ्याकडे तीच सव्वा लाख जाते. म्हणून ‘९४ हजार झालेत, क्लच गेला असेल का’ ह्याचं उत्तर मीटरवर नसतं, आधीच्या मालकाच्या डाव्या पायात असतं.

तपासायचं असं. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५०च्या स्पीडला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि गाडी मागेच राहिली तर प्लेट घसरतेय. बायपासवर हे धड कळत नसेल तर खंडवा रोडनं सिमरोलच्या पुढे भेरूघाटात न्या, चार माणसं बसवून. चढावर घसरणारा क्लच लपत नाही, जळका वासही येतो. पेडल जड झालंय का आणि क्लच अगदी वर येऊन पकडतो का, तेही बघा. विकणारा ‘भिया, अभी तो बहुत चलेगा’ म्हणेल. म्हणू द्या.

खर्च: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट सात ते दहा हजार, गिअरबॉक्स उतरवायचं लेबर अडीच ते साडेतीन हजार. फ्लायव्हीलवर खोल चरे किंवा निळे डाग असतील तर वेगळा खर्च. एकूण १० ते १४ हजार धरून चला. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर मागचं क्रँक ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या, काही शेकड्यांची वस्तू आहे, नंतर गळायला लागली तर पुन्हा सगळं लेबर. आणि जुनी प्लेट तुमच्या हातात मागा.

इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट, स्विफ्ट-डिझायरपासून अर्टिगापर्यंत सगळीकडे वाटलेलं, टाटांनीही क्वाड्राजेट म्हणून वापरलं. त्याचा फायदा तुम्हाला: पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो आणि मिस्त्रीला शिकवावं लागत नाही. ह्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. पण चेन म्हणजे अमर नव्हे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि टर्बोचं बेअरिंगही त्याच ऑइलवर. दहा हजार किलोमीटरला बदलायचं ऑइल वीस हजारांवर बदलणाऱ्या मालकानं एका दगडात दोन पक्षी मारलेले असतात. चेन किट लेबरसह १२ ते १८ हजार. टर्बो रिपेअर करून १५ ते २० हजार, नवा ३० च्या पुढे. डिझेल फवारणारे इंजेक्टर चार असतात, एकाची दुरुस्ती चार ते सहा हजार, नवा एक १२ हजारांच्या पुढे.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड पाहिजे. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलीय, चहा पिऊन या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. थंड स्टार्टला पहिल्या दोन-चार सेकंदांत चेनची खरखर ऐकू येते, इंजिन गरम झालं की ती दबते.

मग हे करा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, डिझेल आहे. उडून पडलं किंवा आतून इंजिनाच्या ठोक्यागणिक धुराची पिचकारी येत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्यात, हात जोडून घरी या, हा खर्च ह्या गाडीच्या किमतीत बसत नाही. झाकणाच्या आत साबणाच्या फेसासारखा पांढरा थर असेल किंवा कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेल्याचा संशय. मागे कुणाला तरी उभं करून जोरात रेस द्या: किंचित काळा धूर एकदा आला तर ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) तुंबलेला असू शकतो, सफाई दीड-दोन हजारांत होते. निळसर धूर म्हणजे इंजिन किंवा टर्बो ऑइल पितोय. गॅरेजमध्ये स्कॅनर लावायला पाचशे ते हजार घेतात, ते खुशाल द्या. विकायच्या आदल्या दिवशी एरर पुसून टाकणारेही आहेत, म्हणून स्कॅन टेस्ट ड्राइव्हनंतर करायचा.

बाकीचं चटकन. पुढचे ब्रेक पॅड दोन-अडीच हजार, मागचे लायनर दीडपर्यंत. डिझेलची बॅटरी साडेपाच ते सात. एसी दुपारी दोन वाजता उभ्या गाडीत तपासा, गॅस भरणं दीड-दोन हजार, कंडेन्सर पाच-सात, कॉम्प्रेसर मात्र १५ ते २२. टायर १६ इंची, एक साडेसहा ते साडेआठ हजारांचा. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच धरा.

मीटरवर फार विश्वास ठेवू नका. गाडी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपला सर्व्हिस रेकॉर्ड मिळतं, मालकाला सोबत नेऊन ते काढा, त्यात किलोमीटर आणि ऑइल बदलल्याच्या तारखा दोन्ही दिसतात. रेकॉर्ड ६० हजारांवर थांबलं असेल तर पुढची बिलं मागा. आणखी एक, दिल्लीकडच्या डिझेल गाड्या तिथल्या दहा वर्षांनंतर बंदीच्या नियमाच्या धास्तीनं एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन मध्य प्रदेशात येत आल्यात. गाडी २०१७ची आणि नंबरची सिरीज अगदी अलीकडची असेल तर विचारा ती आधी कुठे होती. तिकडची गाडी वाईटच असते असं नाही, पण तिथल्या ट्रॅफिकमधला क्लच कसा असेल ते वर सांगितलंच.

याच बजेटमध्ये कुणी इकोस्पोर्ट किंवा डस्टर डिझेल दाखवली तर तिथे हिशोब वेगळा. दोन्हींना टायमिंग बेल्ट आहे, आणि तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच बसतं. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजून १० ते १८ हजार बाजूला काढायचे.

आता तुमच्या गाडीचा भाव. ऑइलच्या नोंदी नीट असतील, झाकण उडालं नाही, धूर निळा नाही, तर इंजिन पास. मग क्लच १३ हजार, पुढची खडखड दहा, चार टायर ३० हजार, बॅटरी सहा, पहिली फुल सर्व्हिस डिझेल फिल्टरसकट सात, असा ६६ हजारांचा कागद कुठल्याही गॅरेजवाल्याकडून लिहून घ्या आणि तो समोर ठेवून बोला. टायर आणि बॅटरी नवी निघाली तर तेवढं वजा करा, प्रामाणिकपणे. पावणेपाच ते चार ऐंशीपर्यंत आला तर घ्या. पाच-वीसवर अडून बसला आणि ‘कल दूसरी पार्टी आ रही है’ म्हणाला, तर येऊ द्या ती पार्टी, इंदुरात डिझेल ब्रेझा शोधायला लांब जावं लागत नाही. सौदा ठरलाच तर टोकन देण्याआधी परिवहनच्या ॲपवर कर्जाचा बोजा आणि थकलेली चलानं बघून घ्या, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या पैसे देण्याच्या वेळीच घ्या, नंतर नाही.