देवळातून यायला एक वाजतो

"मॅडम, टेन्शन आलं की मी अमुक करतो. ते बरं की वाईट?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतो. लोकांना यादी हवी असते. चालणं चांगलं, देव चांगला, दारू वाईट, मोबाईल वाईट. मीसुद्धा बरीच वर्षं तीच यादी डोक्यात घेऊन बसायचे. ती मोडली अक्कलकोट रोडकडच्या एका टॉवेलवाल्यांमुळे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय 42, घरचे आठ माग. माल गेलेला, पैसे अडकलेले, सूतवाल्याचं देणं थकलेलं. आल्याआल्या त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "माव्याशिवाय डोकंच चालत नाही माझं." (ताण आणि मागावरचा ताणा ही उपमा मी इथे देणार नाही. सोलापुरातला प्रत्येक वक्ता ती देऊन झालाय.)

दिवस कसा जातो, विचारलं. तंबाखूचा मावा, आठवड्यातून दोन-तीनदा रात्री क्वार्टर, रोज सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन. मी मनात खुणा केल्या: फुली, फुली, बरोबर. वर "देवळात जाता ते छान, ते सोडू नका" असंही सांगून मोकळी झाले.

पुढच्या भेटीत त्यांच्या पत्नी बोलल्या. "मॅडम, देवळात जातात ते खरं. पण सातला जातात आणि यायला एक वाजतो."

दर्शनाला दहा मिनिटं. मग तळ्याकडे तोंड करून बसायचं. मोबाईल स्कूटरच्या डिकीत. इकडे कामगार पगारासाठी थांबलेले, सूतवाला येऊन चहा पिऊन परत गेलेला. ते खाली बघत म्हणाले, "तिथं बसलं की बरं वाटतं."

बरं वाटत होतंच. माव्यानेही वाटत होतं. दोन्हींचं काम एकच चाललं होतं, सूतवाल्याला तोंड द्यायचं टाळणं. तेव्हापासून मी "काय करता?" याच्या पुढचं विचारते: ते करून उठल्यावर अडलेल्या कामाला हात घालता येतो, की ते आणखी लांब जातं?

प्रत्येक ताणाला काम असतंच असं नाही. कुणी गेलं, न बरं होणारं दुखणं आलं, तर तळ्याकाठी बसणं हाच उपाय. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 मध्ये हाच फरक मांडला: कधी प्रश्नाशी भिडायचं, कधी प्रश्नाने झालेल्या मनाच्या हालांशी. सूतवाल्याचं देणं मात्र पहिल्या खात्यातलं होतं.

माव्यासाठी त्यांना खिशातली छोटी वही दिली. सोडू नका, फक्त वेळ लिहा. एका दिवसात 14 नोंदी. साधारण दर तासाला एक, आणि फोन वाजला की लगेच दुसरी. निकोटीन रक्तात अर्ध्यावर यायला साधारण 2 तास लागतात. ते उतरायला लागलं की चिडचिड, बेचैनी सुरू होते, नवी पुडी उघडली की शांत. म्हणजे मावा बराचसा स्वतःच लावलेली आग विझवत होता, आणि श्रेय 'टेन्शन गेलं' म्हणून घेत होता. हे ऐकून ते पहिल्यांदा हसले. "म्हंजे आमच्या व्यापाऱ्यासारखंच की!" क्वार्टरचंही तसंच. झोप लवकर लागायची, आणि तीनला डोळे उघडले की सकाळपर्यंत छताकडे बघणं.

तिसऱ्या भेटीला ते एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. न फोडलेली पत्रांची नऊ पाकिटं, सुताच्या कांड्यांच्या खोक्याखाली दडवलेली. आम्ही ती एकेक करून फोडली. पहिल्याला त्यांचा हात एवढा थरथरला की कागद आडवा फाटला. मग श्वास: आत घ्यायला चार आकडे, सोडायला सहा-सात. सोडणं लांबलं की छातीतली धडधड जरा उतरते. दोन पाकिटं निव्वळ जाहिरातींची निघाली. त्यांना घाबरून माणूस महिनाभर जागा होता.

मग सूतवाल्याला काय बोलायचं ते तीन ओळींत लिहून काढलं. रोज एक फोन, देवळाच्या आधी, ही अट. सूतवाल्याने पहिल्या दिवशी भरपूर शिव्या घातल्या, आणि शेवटी महिन्याचा हप्ता मान्य केला.

आता ते नऊच्या आत घरी असतात. माव्यासाठी मी त्यांना 1800-11-2356 हा तंबाखूमुक्तीचा सरकारी क्रमांक दिला आहे. रात्रीबेरात्री जीव नकोसा झाला तर 14416 या सरकारी मदत क्रमांकावर फुकट बोलता येतं, हे त्यांच्या पत्नींनाही लिहून दिलं.

वहीतला आकडा गेल्या भेटीत सहा होता. क्वार्टरचा विषय मी काढला, तर म्हणाले, "ते गड्ड्याच्या जत्रेनंतर बघू." बघू.