बर्मातलं इनले सरोवर आणि तिथली बौद्ध मंदिरं बघायला बाईनं एकटीनं जावं का?

जा की. पण प्रश्नात तुम्ही लिहिलंय, "सगळे बौद्धच आहेत, म्हणजे आपलेच लोक, बाईला काय अडचण येणार?" त्यावर आधी बोलते, कारण हेच वाक्य माझा थोरला भाऊ मला अजून ऐकवतो.

२०१९ ला आम्ही गेलो होतो, दादा, वहिनी आणि मी. सरोवराजवळच्या न्यांगश्वे गावाहून एकामागे एक खुर्च्या मांडलेल्या लांबट मोटरबोटीनं थेट फाँग डॉ ऊ पगोड्याला. इनलेवरचं सगळ्यात मोठं श्रद्धास्थान. मधोमध चौथरा, त्यावर पाच छोट्या बुद्धमूर्ती. मूर्ती आपल्या म्हणायच्या. भक्तांनी वर्षानुवर्षं सोन्याचा वर्ख चिकटवून नाक-डोळे पार बुजवलेत, नुसते सोन्याचे गोळे उरलेत. तुम्हीही वर्ख विकत घेऊन लावू शकता. म्हणजे पुरुष असाल तर. बाईनं चौथऱ्यावर चढायचं नाही. वर्ख घ्यायला मात्र बाईचे पैसे चालतात. तो कुणा पुरुषाच्या हाती द्यायचा आणि आपण खाली हात जोडून बसायचं.

मी पैसे दिले, दादा वर गेला. माझ्या शेजारी एक थिलाशिन बसली होती. थिलाशिन म्हणजे तिथल्या गुलाबी वस्त्रातल्या, मुंडन केलेल्या साध्वी. बर्मातला संघ त्यांना भिक्खुणी मानत नाही. आयुष्यभर शीलं पाळणारी ती बाई खाली आणि रोज संध्याकाळी बिअर मागवणारा आमचा दादा वर, मोबाईलसाठी पोझ देत!

बोटीत भांडण झालंच. दादा म्हणाला, "देश तसा वेश. पाहुण्यानं यजमानाच्या घरी वाद घालू नये." हाच दादा २०१६ मध्ये हायकोर्टाच्या निकालानंतर शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या तेव्हा आठवडाभर व्हॉट्सॲपवर समतेचे धडे देत होता. तो चौथरा अन्याय आणि हा चौथरा परंपरा, असं कसं? बुद्धानं आपल्या मावशीला, महाप्रजापती गौतमीला, संघात घेतलं हे मला लहानपणी सांगितलं ते यानंच. बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली मूर्ती २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात बसवली. तिथे माझ्या आईला कुणी पायरीखाली थांब म्हटलेलं नाही. मूर्ती बर्मातून आली म्हणून तिथले नियमही आणायचे नसतात, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे. वहिनी दोन्ही वेळेला गप्प होती. तिचं मत कुणी विचारलं नाही, मीही नाही.

आणि "आपलेच" म्हणाल तर पगोड्यांच्या आवारात नाट नावाच्या देवता असतात, त्यांना नारळ-केळी वाहतात. बाबासाहेबांच्या, देवपूजा नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या दादानं त्याचेही कौतुकानं फोटो काढले.

असो. सरोवराचं म्हणाल तर तिथले इंथा लोक एका पायानं वल्हं मारतात ते खरंच बघण्यासारखं आहे. पण शंकूच्या आकाराची टोपली घेऊन कसरत करणारे कोळी फोटोच्या पैशांसाठी उभे असतात. खरी मासेमारी जाळ्यानं चालते. पाणवनस्पती आणि गाळाच्या तरंगत्या वाफ्यांवर टोमॅटोची शेती आहे, वाफे वाहून जाऊ नयेत म्हणून बांबू ठोकलेले असतात. तिथे बोट हळू न्यायला सांगा. बोटवाला दुकानांत नेईलच. कमळाच्या देठातून धागा काढून विणतात तो माग जरूर बघा. गळ्यात पितळी कडी घातलेल्या पदाऊंग बायका गिऱ्हाईक ओढायला बसवलेल्या असतात त्या दुकानात पाय ठेवू नका. इंदेन गावात पडके स्तूप शेकड्यांनी आहेत, मला ते पगोड्याहून जास्त आवडले. बाजार दर पाच दिवसांनी गाव बदलतो, आज कुठे आहे ते आदल्या रात्री विचारून ठेवा. शान टोफू खा, सोयाबीनचा नाही, हरभऱ्याच्या पिठाचा असतो. थिजलेल्या पिठल्याच्या वड्या म्हणा ना.

एकटीनं फिरताना मला कुणी त्रास दिला नाही. दादा-वहिनी हॉटेलवर झोपलेले असताना मी पहाटे एकटीच बाजारात जायचे.

पण हे सगळं २०१९ चं. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्करानं सत्ता घेतली, तेव्हापासून इनले ज्या शान राज्यात आहे तिथेही लढाई झाली आहे. २८ मार्च २०२५ च्या भूकंपात सरोवरातली खांबांवरची पुष्कळ घरं पाण्यात कोसळली. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. दादाचं मत, अशा परिस्थितीत बाईनं जाऊच नये. मी म्हटलं, मग तूही जाऊ नकोस.