हाताची जखम, पण कुठल्या हाताची?

प्रश्न : मी कॉलेज रोडला मेडिकल कोडिंगचा (डॉक्टरांच्या नोंदींना ठरलेले कोड लावायचा) क्लास लावलाय. सरावाला एक नोट आली, त्यात 'सीएलडब्ल्यू हँड, सुचरिंग डन', म्हणजे हाताला बोथट मारानं चेचून फाटलेली जखम, टाके घातले, एवढंच. मी उजवा हात धरून कोड लावला तर सरांनी फुली मारली. बहुतेक लोक उजवेच असतात ना, मग चुकलं काय? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तुमचंच लॉजिक लावलं तरी उलटं निघतं बघा. निफाड-दिंडोरीकडं ऑक्टोबर छाटणी चालू असते तेव्हा कात्री उजव्या हातात आणि द्राक्षाची काडी धरलेली डाव्या हातात, मग पातं निसटलं की बसणार कुठं, डाव्या तर्जनीवर. म्हणजे माणूस उजवा आणि टाके डाव्याला. कोडरनं अंदाज बांधायचाच नसतो, सर बरोबर आहेत.

डॉक्टरांच्या नोटमध्ये बाजू नसेल तर आधी नर्सिंगची नोंद उघडा. तुम्हाला क्लासात शिकवतात ती अमेरिकेची आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजार-जखमांच्या कोडची यादी, तिच्या गाईडलाईनप्रमाणे बाजू कुठली हे पेशंटला बघणाऱ्या इतर क्लिनिकल स्टाफच्या नोंदीवरून घेता येतं, पण दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध असतील तर सरळ डॉक्टरांना क्वेरी टाकायची, म्हणजे त्यांनाच विचारायचं. कुठंच काही सापडलं नाही तर एस६१.४१९ए, म्हणजे हात कुठला ते लिहिलेलं नाही. उजवा असता तर ४११, डावा ४१२, आणि जखमेत काच-लोखंडाचा तुकडा असेल तर ४२१ नाहीतर ४२२.

आता खरी गंमत पुढं आहे, हे सगळं बोटं सोडून उरलेल्या हाताचं. अंगठा असेल तर एस६१.०, बाकीची बोटं एस६१.२, नखाला मार असेल तर तेच अनुक्रमे एस६१.१ आणि एस६१.३ होतात, मनगट परत वेगळं, एस६१.५. पेशंट येतो तो 'हात कापला' म्हणत येतो आणि कॅज्युअल्टीत गर्दी असली की तेच तसंच्या तसं कागदावर उतरतं, तिथंच घोडं अडतं. जखम किती सेंटीमीटर हेही हवंच, कारण टाक्यांचा सीपीटी कोड (जखमेचा नाही, केलेल्या उपचाराचा कोड) लांबीवर ठरतो, साधे टाके आणि २.५ सेमीपर्यंत असेल तर १२००१, त्याच्या पुढं ७.५ पर्यंत १२००२.

शेवटच्या 'ए'चा अर्थ पहिली व्हिजिट असा बरेच जण घेतात, तसं नाहीये. ग्रामीण रुग्णालयातून पेशंट नाशिकला प्लास्टिक सर्जनकडं पाठवला तरी 'ए'च, कारण मुख्य उपचार अजून चालू आहेत. टाके काढायला आला की 'डी', म्हणजे उपचारानंतरची देखभाल, तिथं टाके काढायचा वेगळा, झेडनं सुरू होणारा कोड लावू नका.

आणि ते सीएलडब्ल्यू! आपल्याकडं दिसेल त्या जखमेला सीएलडब्ल्यू लिहायची सवयच पडलीये, कात्रीनं स्वच्छ कापलेलं असलं तरी. कोडिंगमध्ये चेचून फाटलेली आणि स्वच्छ कापलेली दोन्ही लॅसरेशन या एकाच प्रकारात जातात म्हणून तिथं खपून जातं, पण एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणारी केस असेल तर कोर्टात वकील हेच धरून बसतो की धारदार हत्यार का बोथट.

प्रश्न : माझ्या भावाचं बोट अंबडला कंपनीत प्रेस मशीनमध्ये आलं, शेंडा गेला. डिस्चार्ज कार्डवर फक्त 'हँड इंज्युरी, सेकंड फिंगर'. भरपाईला एवढं चालेल का? – एक वाचक, सिडको

उत्तर : नाही चालणार दादा, आणि 'सेकंड फिंगर' तर अजिबातच नाही, अंगठा धरून मोजलं का सोडून ते कोण सांगणार? बोटाचं नावच हवं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटाबोटाला वेगळा टक्का होता. तर्जनीचं हाड न जाता नुसता शेंडा गेला तर ५ टक्के, एक पेर गेलं तर ९, अख्खी तर्जनी १४. मधल्या बोटाला तेच ४, ७ आणि १२. म्हणजे कार्डवर बाजू, बोटाचं नाव, कुठल्या पेरापर्यंत आणि हाड गेलं का नाही, हे स्पष्ट यायला पाहिजे, नाहीतर मोघम नोंदीवर तोंडाला पानं पुसतात.

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच ठेवायचं बंधन आहे, म्हणून आज-उद्या करत बसू नका. डॉक्टर चांगले असतील तर तारीख आणि सही टाकून पुरवणी नोंद करून देतील, जुन्या ओळीवर खाडाखोड मात्र करून घेऊ नका, ती उलट अंगाशी येते. एक्स-रेची फिल्म घरी असेल तर ती आधी शोधा, हाड गेलं का नाही ते त्यात दिसेल.