पाटलिपुत्र, पाटणा आणि आपली पाडळ

प्रश्न असा आला आहे : मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘पाटलिपुत्र’ आहे, घरातल्या जुन्या पुस्तकात ‘पाटलीपुत्र’. यातले बरोबर कोणते? आणि ‘पाटणा’ हे त्याच नावाचे झिजलेले रूप ना?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. ऱ्हस्व लिहावे, ‘पाटलिपुत्र’. हे नाव ज्या झाडावरून आले त्या पाडळीला संस्कृतात ‘पाटलि’ आणि ‘पाटली’ दोन्ही चालतात, त्यामुळे दीर्घ लिहिणाऱ्याला अगदीच चूक ठरवता येत नाही. पण नगराचे नाव ऱ्हस्वानेच रूढ झाले. पतंजलीच्या महाभाष्यात ‘अनुशोणं पाटलिपुत्रम्’ असे उदाहरण आहे, म्हणजे शोण नदीच्या काठाकाठाने पसरलेले पाटलिपुत्र. आपण ‘बुद्धी’ दीर्घ लिहितो पण ‘बुद्धिबळ’ ऱ्हस्व, तसेच हे.

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण मराठी माणसाला चटकन पटण्यासारखे आहे. दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला संस्कृत ‘ट’ प्राकृतातून येताना मऊ होऊन ‘ड’ होतो. वट - वड, कटु - कडू, घोटक - घोडा. जोड ‘ट्ट’ असेल तर ‘ट’ टिकतो आणि आधीचा स्वर लांबतो. हट्ट - हाट, पट्टकिल - पाटील. हिंदीतही बड, घोडा अशीच रूपे आहेत. मग ‘पाटलि’चे लोकांच्या तोंडी काय व्हायला हवे? ‘पाडळ’! आणि झालेही तेच. जैनांच्या प्राकृत ग्रंथांत या नगराचे नाव ‘पाडलिपुत्त’ असे येते. ‘पाटणा’तला ‘ट’ जोड ‘ट्ट’तून आलेला आहे. पट्टन म्हणजे व्यापाराचे, घाटबंदराचे शहर. साताऱ्याकडचे पाटण आणि गुजरातेतले पाटण याच कुळातले. (पैठण मात्र नव्हे. ते ‘प्रतिष्ठान’, प्राकृत ‘पइट्ठाण’.) मोडकळीला आलेल्या जुन्या जागी शेरशाहाने १५४१च्या सुमारास किल्ला बांधला आणि गाव पुन्हा भरभराटीला आले. म्हणजे जागा तीच, पण नावाचे मूळ वेगळे.

ग्रीक वकील मेगॅस्थेनिस चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आला तेव्हा हे नगर सुमारे १५ किलोमीटर लांब आणि पावणेतीन किलोमीटर रुंद होते. भोवती लाकडी तटबंदी, ५७० बुरूज, ६४ दरवाजे आणि बाहेर खंदक. ग्रीकांनी त्याला ‘पालिबोथ्रा’ म्हटले. त्या रूपात ‘ट’चा मागमूस नाही. लोकांच्या बोलण्यात तो तेव्हाच मऊ झाला असावा, असे मला वाटते. पालिबोथ्रा म्हणजे कोणते शहर, हे कोडे युरोपीय अभ्यासकांना बराच काळ सुटत नव्हते, कारण ग्रीक लेखक ते गंगा आणि ‘एरान्नोबोआस’ या नद्यांच्या संगमावर असल्याचे सांगत. शोणेचे एक जुने नाव ‘हिरण्यबाहु’ आहे आणि ‘एरान्नोबोआस’ हे त्याचेच ग्रीक रूप, हे संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स याच्या लक्षात आले आणि १७९३ साली त्याने ते जाहीर केले. शोणेचे पात्र पुढे पश्चिमेला सरकले, म्हणून आजचा नकाशा पाहून हे कळले नसते. पालिबोथ्रा म्हणजे पाटलिपुत्र ठरल्यावर तिथला ग्रीकांचा राजा ‘सँड्रोकोटस’ म्हणजे चंद्रगुप्त, हेही जुळले. अशा रीतीने एका शब्दाच्या ओळखीतून चंद्रगुप्ताचा काळ ठरवायला आधार मिळाला. शब्दांच्या मागे लागण्याचे याहून मोठे फळ मला माहीत नाही.

अशोकाच्या पाचव्या शिलालेखातली एक जागा मला फार आवडते. इतर ठिकाणच्या प्रतींत ‘हिद’, म्हणजे ‘इथे’, असा शब्द आहे, कारण मजकूर राजधानीत तयार झाला. गिरनारच्या प्रतीत त्याऐवजी सरळ ‘पाटलिपुते’ कोरले आहे. दूर सौराष्ट्रात ‘इथे’ म्हणजे कुठे, हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून कोणीतरी विचारपूर्वक केलेला हा बदल असणार.

राहिला ‘पुत्र’. कथासरित्सागरात पुत्रक नावाचा राजा आणि पाटली नावाची राजकन्या यांच्यावरून नगराचे नाव पडल्याची कथा आहे. गोष्ट गोड आहे, पण ती नावावरून रचलेली दिसते. पाली ग्रंथांत आधी ‘पाटलिगाम’ येते. मगधाचा राजा अजातशत्रू याचे मंत्री तिथे शेजारच्या वज्जी गणराज्याविरुद्ध तट बांधत होते, तेव्हा बुद्धाने हे थोर नगर आणि ‘पुटभेदन’ होईल असे भाकीत केले. ‘पुटभेदन’ म्हणजे मालाचे पुडे फोडण्याची जागा, आणि आपला ‘पुडा’ही या ‘पुट’चाच, पुन्हा ट चा ड. म्हणून ‘पुत्र’ हे मुळात ‘पुट’च असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पालीत ‘पुत्त’ आहे, त्यात दंत्य आणि जोड ‘त’ आहे. तो ‘ट’पासून आला असे मानता येत नाही. पाटलिगावातून वाढलेले, त्या गावाचे लेकरू, हा अर्थ मला अधिक सरळ वाटतो.

ही पाटलि म्हणजे आपली पाडळ. आयुर्वेदातल्या दशमुळांतली एक. शाकुंतलाच्या आरंभी उन्हाळ्याचा वारा जिच्या संगतीने सुगंधी झाला आहे, तीही हीच. बंगालीत ती ‘पारुल’ झाली. सातारा, नाशिककडे पाडळी नावाची गावे आहेत. जे नाव मगधात शहरावरून पुसले गेले, ते इथे एसटीच्या पाटीवर वाचायला मिळते.