वाचकांचे प्रश्न: सुपरकपॅसिटर लावला की अ‍ॅडॅप्टर लुकलुकतो

प्रश्न (एक वाचक, ऐरोली): लाइट गेली की आमच्या सोसायटीचा जनरेटर सुरू व्हायला अर्धा मिनिट जातो, तेवढ्यात वायफाय राउटर बंद पडतो आणि ऑफिसची मीटिंग तुटते. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून २.७ व्होल्ट, १०० फॅरडचे ४ सुपरकपॅसिटर (भरपूर चार्ज साठवणारे कपॅसिटर) आणले, सिरीजमध्ये जोडून १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरला पॅरलल लावले तर अ‍ॅडॅप्टरचा दिवा नुसता लुकलुकतो. कपॅसिटर खराब निघाले का? आणि चारांचे १०.८ होतात, १२ ला चालतील ना?

उत्तर: नाही चालणार, आधी काढून ठेवा. १२ भागिले ४ म्हणजे प्रत्येकावर ३ व्होल्ट, आणि अ‍ॅडॅप्टर चालू झाला नाही हे बरंच झालं म्हणायचं. साध्या कपॅसिटरचं रेटिंग आपण जरा सैल हाताने घेतो, इथे तसं करून भागत नाही, कारण आत कार्बनचे इलेक्ट्रोड आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट असतं, ते ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की विघटन पावतं, गॅस होतो, डबा फुगतो, फॅरड, म्हणजे साठवणक्षमता, कमी होत जातात. पाण्याचं इलेक्ट्रोलाइट असतं तर साधारण १ व्होल्टवरच थांबावं लागलं असतं, म्हणून सेंद्रिय द्रावक वापरतात आणि म्हणून बाजारात २.५ ते ३ व्होल्टचेच सेल (एकेक सुपरकपॅसिटर) दिसतात. तुमचा २.७ चा आहे, त्याला ३ देऊ नका.

बरं, सिरीजमध्ये व्होल्टेज सगळ्यांना सारखं वाटलं जाईल असंही नाही. लहानमोठ्या पातेल्यांत सारखंच पाणी ओतलं तर लहान पातेलं आधी भरतं, तसं ज्याचे फॅरड कमी त्याच्यावर व्होल्टेज जास्त चढतं. ५ सेल लावले तर सरासरी २.४ येते, म्हणजे चालेल पण २.७ च्या आत मोकळीक कमी, मी ६ लावेन, २ व्होल्टच्या आसपास राहतील आणि आयुष्यही बरंच वाढेल. प्रत्येक सेलला पॅरलल ४७० ओहमचा एकेक रेझिस्टर द्या, गळतीतला फरक तो सांभाळून घेतो. मात्र ६ सिरीजमध्ये म्हणजे ६०० फॅरड नव्हे, १०० भागिले ६, जेमतेम १६.७.

आता लुकलुकण्याचं. कपॅसिटर खराब नाहीत. रिकामा सुपरकपॅसिटर अ‍ॅडॅप्टरला जवळजवळ शॉर्टसर्किटसारखाच दिसतो, आतला रेझिस्टन्स काही मिलिओहम, द्याल तेवढा करंट घेतो. अ‍ॅडॅप्टर घाबरून बंद होतो, परत प्रयत्न करतो, परत बंद. त्यामुळे करंट तुम्हालाच अडवावा लागेल.

अ‍ॅडॅप्टरनंतर एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा, स्वतः कमी व्होल्टेज खाणारा) टाका आणि मग राउटर (नाहीतर लाइट गेल्यावर कपॅसिटर उलटे अ‍ॅडॅप्टरलाच खायला घालतील), राउटरच्या प्लसवरून २२ ओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर कपॅसिटरच्या बँकेला (सहा सेलच्या संचाला) जोडा, आणि त्या रेझिस्टरला पॅरलल दुसरा शॉटकी, बँकेकडून राउटरकडे जाणारा, म्हणजे चार्ज होताना रेझिस्टरमधून हळू आणि देताना डायोडमधून सरळ. सुरुवातीला साधारण अर्धा अँपिअर जाईल, तेव्हा राउटरच्या गरजेवर तेवढा करंट उरायला हवा, १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर कमी पडेल, २ चा घ्या. पूर्ण भरायला अर्धा तास धरा. रेझिस्टर गरम होईल, त्याला इलाज नाही: शून्यापासून असं चार्ज करताना जेवढी ऊर्जा साठते तेवढीच रेझिस्टरमध्ये जळते, मग तो कितीही ओहमचा घ्या.

मिळणार किती? राउटर ७-८ वॅट घेत असेल आणि ९ व्होल्टपर्यंत तग धरत असेल तर पाऊण मिनिट, फार तर थोडं वर. जनरेटरपुरतं झालं. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही सप्लाय लागेल हे विसरू नका. तासभर वीज जात असेल तर मात्र हा उद्योगच नको, सरळ लिथियमवाला मिनी यूपीएस घ्या, तुमच्या अख्ख्या बँकेत सुमारे ११०० जूल मावतात आणि २५०० एमएएचच्या एकाच लिथियम सेलमध्ये ३२ हजारांच्या आसपास.

बँक दुपारच्या उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, तापमान १० अंश वाढलं की आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. काढायची असेल तर आधी रेझिस्टरने रिकामी करा. हातातली अंगठी दोन टोकांना लागली तर चटका बसेल.

प्रश्न (डिप्लोमाची विद्यार्थिनी, ठाणे): ६ व्होल्टचं छोटं सोलर पॅनल ५.५ व्होल्टच्या नाण्यासारख्या सुपरकपॅसिटरला थेट जोडून वायफाय सेन्सर चालवता येईल का?

उत्तर: चार्जिंगची सुरुवात चालेल, कारण छोटं पॅनल स्वतःच करंट मर्यादित ठेवतं. पण लोड नसताना त्याचं व्होल्टेज ६ च्या वर जातं, तेव्हा वर ५ च्या आसपास अडवणारं काहीतरी हवं, आणि रात्री उलट गळती होऊ नये म्हणून डायोड. खरी अडचण वेगळीच आहे, त्या नाण्यात दोन सेल सिरीजमध्ये असतात आणि आतला रेझिस्टन्स बऱ्याचदा दहा-वीस ओहम किंवा जास्तच. घड्याळाची चिप जिवंत ठेवायला तो मस्त, पण वायफाय मॉड्यूलने ३०० मिलिअँपिअर ओढले की २० ओहमवर ६ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे मॉड्यूल रीसेटच. २.७ व्होल्टचे गोल डब्यातले दोन सेल घे, सिरीजमध्ये लाव, वरच्या उत्तरातल्यासारख्या, प्रत्येकाला पॅरलल लावलेल्या बॅलन्सिंग रेझिस्टरसकट.