शहरांतील लोक इलेक्ट्रिक कार-शेअरिंग खरोखर स्वीकारतील का?

आपला प्रश्न असा आहे की, इलेक्ट्रिक गाड्या सामायिक पद्धतीने वापरण्याच्या सेवेला सर्वेक्षणांत भरघोस पाठिंबा मिळतो, तरीही अनेक शहरांत अशा सेवा काही वर्षांत गुंडाळल्या जातात. तर मग लोकांना ही व्यवस्था मुळात मान्य आहे की नाही? माझ्या समजुतीप्रमाणे कल्पनेला विरोध क्वचितच असतो. हवी तेव्हा गाडी जवळपास असेल, तिची बॅटरी पुरेशी भरलेली असेल आणि मुक्कामी पोहोचल्यावर ती सोडायला जागा मिळेल, या तीन गोष्टींचा भरवसा वाटला तर लोक येतात. तो भरवसा चार-दोन वेळा तुटला की ते तक्रारही न करता सेवा वापरणे सोडून देतात, आणि हे सोडून देणे सर्वेक्षणात उमटत नाही.

ही अडचण नवी नाही. आम्स्टरडॅममध्ये लूड स्किमेलपेनिंक यांनी १९७४ साली ‘विटकार’ नावाची सेवा सुरू केली, तेव्हा तिच्या दोन आसनी, तीनचाकी गाड्या विजेवरच चालत होत्या आणि एका स्थानकावरून घेतलेली गाडी दुसऱ्या स्थानकावर सोडता येत होती. परंतु गाड्या थोड्या आणि स्थानके मोजकीच राहिली, सरकारी आधार मिळाला नाही आणि १९८६ साली सेवा बंद झाली. इतक्या विरळ जाळ्यात एखादे स्थानक रिकामे आणि दुसरे भरलेले अशी स्थिती वारंवार येणे अटळ असते, आणि रिकाम्या स्थानकाशी आलेल्या माणसाला त्या गाडीमागच्या पर्यावरणीय विचाराचा काहीच उपयोग नसतो.

सॅन डिएगोचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे ‘कार टू गो’ या कंपनीने २०११ च्या अखेरीस सुमारे ३०० छोट्या इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावर आणल्या. अपेक्षेइतकी चार्जिंगची सोय शहरात उभी राहिली नाही, त्यामुळे २०१६ साली कंपनीने त्या जागी पेट्रोलच्या गाड्या आणल्या आणि वर्षअखेरीस त्या शहरातून काढता पाय घेतला. सामायिक वापरात बॅटरीचा प्रश्न खाजगी गाडीपेक्षा निराळ्या स्वरूपाचा होतो, याकडे मला विशेष लक्ष वेधावेसे वाटते. स्वतःची गाडी रात्री चार्जिंगला लावणाऱ्याला सकाळी तिचा लाभ मिळतो. सामायिक गाडी चार्जिंगला लावण्याचे कष्ट घेणारा एक आणि त्याचे फळ मिळणारा दुसराच असतो, आणि त्या दोघांची कधी गाठही पडत नाही. म्हणून हे काम वापरकर्त्यांच्या सद्भावनेवर सोडून चालत नाही. गाडी चार्जिंगला लावून सोडणाऱ्याला भाड्यात सवलत द्यावी, किंवा कंपनीच्या कर्मचाऱ्यांनीच ते काम करावे. गाडी किती किलोमीटर जाऊ शकेल हा आकडा नवख्याला घाबरवतो, हे खरे. परंतु शहरातले बहुतेक प्रवास इतके छोटे असतात की दोन-चार फेऱ्यांनंतर ही भीती आपोआप मावळते. बॅटरी जवळजवळ संपलेली गाडी हाती येण्याचा धोका मात्र कितीही सवय झाली तरी कायम राहतो.

पॅरिसमधील ‘ऑटोलिब’ ही सेवा डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाली. भरात असताना तिच्याकडे सुमारे ४,००० इलेक्ट्रिक गाड्या होत्या, चार्जिंगसह राखीव जागांचे दाट जाळे होते आणि सदस्यसंख्या दीड लाखाच्या आसपास पोहोचली होती. एवढ्या सदस्यांकडे पाहून कोणीही म्हटले असते की नागरिकांनी सेवा स्वीकारली. प्रत्यक्षात शेवटच्या काळात सदस्य टिकून असूनही गाड्यांचा वापर घटू लागला होता, गाड्या अस्वच्छ असल्याच्या तक्रारी वाढल्या होत्या आणि ॲपवर बोलावता येणाऱ्या टॅक्सी हा नवा पर्याय लोकांना मिळाला होता. तूट कोणी सोसायची यावरून सेवा चालवणारा बोलोरे समूह आणि सहभागी नगरपालिका यांच्यात वाद झाला आणि २०२३ पर्यंतचा करार असतानाही जुलै २०१८ अखेरीस सेवा थांबली. म्हणून सदस्यसंख्येला मी फारसे महत्त्व देत नाही. एका गाडीला दिवसात किती फेऱ्या मिळतात आणि सदस्य वर्षभरानंतरही नियमित येतो का, हे पाहिले पाहिजे.

आतापर्यंत मी गाडी वापरणाऱ्यांविषयी लिहिले. ज्यांना ती कधीही वापरायची नाही, परंतु ज्यांच्या घरासमोरची पार्किंगची जागा त्या गाड्यांसाठी राखीव होते, तेही नागरिकच आहेत आणि योजना अडवण्याची ताकद बहुधा त्यांच्याकडेच असते. रस्त्याकडेची सार्वजनिक जागा एका कंपनीच्या स्वाधीन होते आहे ही त्यांची भावना मला गैर वाटत नाही. तिला उत्तर देणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे, आणि ते उत्तर जागा राखून ठेवण्याआधी द्यायला हवे. माद्रिदमध्ये सशुल्क पार्किंगच्या नियंत्रित क्षेत्रात शून्य-उत्सर्जन गाड्यांना शुल्क माफ होते. २०१५ नंतर तेथे एकापाठोपाठ एक इलेक्ट्रिक कार-शेअरिंग सेवा सुरू झाल्या, त्यात या सवलतीचा वाटा मोठा होता. जागेविषयीचा एक नियम बदलल्याने जे साधले, ते जनजागृतीच्या मोहिमांनी साधले असते असे मला वाटत नाही.

जागेच्या बदल्यात शहराला काय मिळते, याचे बऱ्यापैकी ठोस उत्तर बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दिले. उत्तर अमेरिकेतील पाच शहरांत ‘कार टू गो’च्या एकेका गाडीमुळे ७ ते ११ खाजगी गाड्या रस्त्यावरून कमी झाल्या किंवा आल्याच नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. यातल्या बहुतेक गाड्या विकल्या गेलेल्या नव्हत्या, लोकांनी त्या विकत घेण्याचे टाळले होते. मालकीची सवय सुटेल का, या शंकेचे उत्तरही मला येथेच दिसते. दाराशी असलेली गाडी फार थोडे लोक सोडतात. रात्री-अपरात्री दवाखान्यात जावे लागले तर काय, लहान मुलाचे आसन रोज कोठून आणायचे, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत. परंतु दुसरी गाडी घ्यावी की नाही अशा विचारात असलेले कुटुंब, किंवा पहिली गाडी अजून न घेतलेला तरुण, यांचा निर्णय अशा सेवेमुळे बदलू शकतो. प्रचार करायचाच असेल तर तो यांच्यापर्यंत पोहोचवावा.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. बस आणि रेल्वेचे प्रवासी या गाड्यांकडे वळले, तर गाडी विजेची असली तरी रस्त्यावरची गर्दी वाढते आणि सार्वजनिक वाहतुकीचे उत्पन्न घटते. म्हणूनच शहराने परवाना देतानाच फेऱ्यांची माहिती मागून घ्यावी, बसच्या मार्गाला समांतर अशा छोट्या फेऱ्या वाढताना दिसल्या तर तेथील राखीव जागा कमी कराव्यात, आणि जेथे रात्री बस नाही किंवा स्थानक लांब आहे अशा वस्त्यांत त्या वाढवाव्यात. कंपन्या अशा वस्त्यांत आपणहून जात नाहीत, कारण तेथे एका गाडीला फेऱ्या कमी मिळतात. ती तूट कोण सोसणार हे करारातच लिहून घेतले नाही, तर पॅरिसमधला वाद तेथेही उभा राहील.